संत्र्याची पिंवळी पालवी व जमिनींतील लोह

आंबिया बहाराची पालवी फुटूं लागली कीं संत्र्याच्या बागाइतदारांकडून एकच प्रश्न आमच्याकडे येतो: नवें पान पिंवळें कां पडतें? विचारण्यापूर्वींच बहुतेकांनीं युरियाचीं पोतीं रिकामीं केलेलीं असतात. आम्हीही आमच्या बागेंत एकदां तेंच केलें. पैसा गेला आणि पिंवळेपणा राहिला.

नत्र कमी पडलें तर जुनीं पानें आधीं पिंवळीं होतात, कारण झाड तेथील नत्र काढून शेंड्यास पुरवितें. लोहाचें तसें नाहीं. जुन्या पानांत गेलेलें लोह सहसा परत निघत नाहीं. म्हणून उणीव प्रथम कोंवळ्या पालवींत दिसते. शिरा हिरव्या व मधला भाग पिंवळट, ही तिची खूण. दुखणें वाढलें कीं पान पांढुरकें होतें व फांदी शेंड्याकडून वाळत येते. मग फळ कोठून धरणार?

कोणी म्हणेल, आमच्या काळ्या जमिनींत लोहाला काय तोटा? तोटा मुळींच नाहीं; अडचण चुनखडीची आहे. सामू साडेसात-आठांच्या वर गेला कीं लोह गंजाच्या रूपानें मातींत अडकून बसतें व मुळांस मिळत नाहीं. त्यांत पाणी सांचलें तर बायकार्बोनेट वाढून रोग बळावतो. तेव्हां औषधाआधीं चर खणावा.

फ्रान्समध्यें युसेब ग्री यांनीं १८४३ च्या सुमारास लोहाचा क्षार देऊन पिंवळीं पानें हिरवीं करून दाखविलीं. तोच उपाय आजही चालतो. १०० लिटर पाण्यांत १०० ग्रॅम लिंबूसत्त्व व ५०० ग्रॅम हिराकस विरघळवून सायंकाळीं पालवीवर फवारावें. आधीं एका फांदीवर पाहून घ्यावें. गुण त्याच पानांपुरता येतो, पुढील पालवीस पुन्हां फवारा आलाच. हिराकस नुसतें जमिनींत टाकूं नये. चुनखडी तें लवकरच निरुपयोगी करते. जमिनींतून द्यावयाचें तर ईडीडीएचए जातीचें चिलेट टिकतें, ईडीटीए टिकत नाहीं. पहिलें महाग आहे, हें आम्ही जाणतों.

खरा विचार लागवडीपूर्वींचा. कमरेइतका खड्डा खणून तळच्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकावे. जोरानें फेंस आला तर ती जागा संत्र्यास देऊं नये. थोडा आला तर खुंटाकडे पाहावें. रंगपूर लिंबाचा खुंट अशा मातींत बराच तग धरतो, त्रिदल जातीचा लवकर पिंवळा पडतो. कलमें घेतांना खुंट कोणता हें विचारावें. आम्ही विचारलें नव्हतें.