बुद्धिबळाच्या डावसंग्रहातील डावपेचांचा शोध : पद्धती आणि मर्यादा

बीजसंज्ञा : बुद्धिबळ, डावसंग्रह, डावपेच, संगणकीय शोध

प्रस्तावना
बुद्धिबळाचा डाव खेळीगणिक लिहून ठेवला जातो. त्यामुळे तो संशोधनाचे साधन ठरतो. १९९३ मध्ये स्टीव्हन एडवर्ड्स यांनी पीजीएन ही नोंदपद्धती मांडली आणि संगणकांमधील डावांची देवाणघेवाण सुलभ झाली. लीचेस या संकेतस्थळाने २०१३ पासूनचे आपले मानांकित डाव सर्वांसाठी विनामूल्य खुले केले आहेत. अशा संग्रहातून विशिष्ट डावपेच कसा शोधावा व हाती आलेल्या संख्येचा अर्थ कसा लावावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

शोधाचे स्वरूप
विशिष्ट स्थिती किंवा मोहऱ्यांची संख्या यांवरून डाव शोधणे सोपे असते. डावपेच मात्र मोहऱ्यांच्या परस्परसंबंधात असतो. तो पटावर कोठेही घडू शकतो. याकरिता गॅडी कॉस्टेफ व लुईस स्टिलर यांनी सीक्यूएल ही स्वतंत्र प्रश्नभाषा विकसित केली.

राजा स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडला जाऊन घोड्याने होणारी मात हे उदाहरण घेऊ. तिच्या अटी तीन : मात झालेली असावी, शह केवळ घोड्याचा असावा, राजालगतच्या प्रत्येक घरात स्वपक्षाचा मोहरा वा प्यादे असावे. एखादे घर रिकामे, पण शत्रूच्या माऱ्याखाली असल्यास चालेल काय, हे आधीच ठरवावे लागते. त्यानुसार संख्या बदलते. घोड्याचा दुहेरी मारा याहून अवघड आहे. तो घोडाच फुकट मारला जात असेल, तर आकृती जुळूनही डावपेच साधत नाही. तेथे स्टॉकफिशसारख्या विश्लेषक प्रणालीची पडताळणी आवश्यक ठरते.

न खेळलेल्या खेळ्या
वरील मातीपूर्वी बहुधा राजाशेजारी वजिराचा बळी दिला जातो; हत्तीला तो घ्यावाच लागतो आणि घोडा मात देतो. जाणकार खेळाडू बळी पाहताच डाव सोडतो. परिणामी मात नोंदीत येतच नाही. केवळ अंतिम स्थिती मोजणारा अभ्यासक ‘श्रेष्ठ खेळाडूंत ही मात दुर्मीळ आहे’ असा चुकीचा निष्कर्ष काढील. म्हणून सोडून दिलेल्या डावांची अखेरची स्थिती प्रणालीकडून पुढे खेळवून घ्यावी. प्रत्यक्ष घडलेल्या आणि संभाव्य माता स्वतंत्रपणे नोंदवाव्यात.

संग्रहाबाहेरचे डाव
२०२५ मध्ये बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुख यांची प्रत्येक खेळी तत्काळ संगणकावर नोंदली गेली. १९७४ मध्ये पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली, तेव्हा नोंद कागदावर होत असे. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी उभ्या केलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या जुन्या स्पर्धांबाबतही हेच म्हणता येते. जो कागद संगणकात उतरला नाही, तो कोणत्याही शोधात सापडणार नाही.

निष्कर्ष
शोधाचे यश संगणकाच्या वेगापेक्षा व्याख्येच्या काटेकोरपणावर अवलंबून असते. हाती आलेली संख्या खेळाविषयी जितके सांगते, तितकेच नोंदीच्या सवयींविषयीही सांगते. सोलापूर परिसरातील महाविद्यालयांत संगणकशास्त्र, गणित व शारीरिक शिक्षण विभागांनी एकत्र येऊन जुन्या नोंदपत्रिका पीजीएनमध्ये आणल्यास अल्प खर्चात मोलाचे संशोधन उभे राहील.