औषधशाळेचे सांडपाणी : कायदा, सल्लागार आणि आपली जबाबदारी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय हा तिसरा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासलेला आहे. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव बिघडले म्हणजे भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी एकाच व्याधीने पीडित होतात, हा त्यातील सिद्धान्त होय. बिघडलेल्या पाण्याच्या लक्षणांत गंध, वर्ण, रस व स्पर्श यांची विकृती आणि जलचर पक्ष्यांनी ते पाणी सोडून जाणे यांचा उल्लेख येतो. हा अध्याय आपण रुग्णाच्या संदर्भात वाचत आलो. आपल्या औषधशाळेच्या मागील मोरीच्या संदर्भातही तो वाचणे आता अगत्याचे झाले आहे.

आपल्या व्यवसायात एक समज दृढ आहे. प्रदूषण हा रासायनिक कारखान्यांचा प्रश्न; आपली द्रव्ये वनस्पतिज, तेव्हा आपले सांडपाणी निरुपद्रवी. आम्हीही अनेक वर्षे असेच मानत होतो. हा समज शास्त्राच्या व कायद्याच्या अशा दोन्ही कसोट्यांवर टिकत नाही.

वनस्पतिज सांडपाणी

पाण्यात सेंद्रिय द्रव्य मिसळले की सूक्ष्म जीव त्याचे विघटन करू लागतात व त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. ही प्राणवायूची मागणी बीओडी या नावाने मोजली जाते. आसवारिष्टांची संधानपात्रे धुताना एक किलो गूळ पाण्याबरोबर वाहून गेला, असे समजू. त्याच्या पूर्ण विघटनास सुमारे एक किलो प्राणवायू लागतो. स्वच्छ पाण्याच्या एका लिटरात साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. म्हणजे हा एक किलो गूळ सव्वा लाख लिटर पाण्यातील प्राणवायू संपविण्यास पुरेसा आहे. प्राणवायू संपला की मासे मरतात, पाणी काळवंडते व त्यास दुर्गंधी येते. चरकाचार्यांनी वर्णिलेली लक्षणे ती हीच.

अहिल्यानगर जिल्ह्यात हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. लोणी येथे १९५०-५१ च्या हंगामात सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे जिल्हाभर साखर कारखाने व त्यांना जोडून मद्यार्कनिर्मिती उभी राहिली. त्यातून निघणाऱ्या मळीच्या पाण्याचा रंग व वास येथील शेतकऱ्यास परिचित आहे. गुळावर यीस्टची क्रिया घडवून होणारे आपले संधान आणि मळीपासून मद्यार्क यांची जीवक्रिया एकच आहे. भेद केवळ प्रमाणाचा. मद्यार्क कारखान्यांनी सांडपाणी बाहेर सोडूच नये, असे धोरण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००३ च्या सनदेद्वारे आखले. आपले प्रमाण अल्प असल्याने आपणाकडे लक्ष उशिरा गेले, इतकेच.

येथे देशविचारही करावा लागेल. अकोल्याचा पश्चिम भाग वगळता आपला बहुतेक जिल्हा पर्जन्यछायेत आहे. ओढे वर्षातील बराच काळ कोरडे असतात. कोकणातील नदीत मिसळणारे सांडपाणी काही अंशी विरळ होते. येथील ओढ्यात मात्र वाहते पाणी म्हणून आपण सोडलेले तेवढेच असते. ते मुरमातून झिरपून नजीकच्या विहिरीत उतरते. त्या विहिरीचे पाणी पिणारा मनुष्य उद्या आपल्याच चिकित्सालयात अतिसार घेऊन येणार आहे, हे विसरता येत नाही.

रसकल्पांचा विशेष विचार

कज्जली, हिंगूळ, नाग, वंग यांवर काम करणाऱ्या निर्मात्यांची जबाबदारी याहून मोठी आहे. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार भूपृष्ठावरील जलप्रवाहात सोडावयाच्या सांडपाण्यात एका लिटरमागे पाऱ्याचे प्रमाण ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा व शिशाचे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. खल धुताना केवळ एक ग्रॅम पारा वाहून गेला तर एक लाख लिटर पाणी या मर्यादेपर्यंत पोहोचते.

आपला पारद गंधकबद्ध असतो, म्हणून तो निर्धोक, हा युक्तिवाद येथे उपयोगी पडत नाही. मोजणी एकूण पाऱ्याची होते. शिवाय प्राणवायूविरहित चिखलात सूक्ष्म जीव पाऱ्याचे रूपांतर मिथिल पाऱ्यात करू शकतात आणि तो माशांच्या देहात साठत जातो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली उघडकीस आलेला रोग याच द्रव्याचा. त्या गावाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ पासून अमलात असून भारताने २०१८ मध्ये त्यास मान्यता दिली आहे. बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू आढळल्याचा अहवाल २००४ च्या अखेरीस आला, तेव्हा संपूर्ण शास्त्राला उत्तर द्यावे लागले. सांडपाण्याबाबत तशी वेळ येऊ नये.

कायद्याची चौकट

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील परिशिष्ट 'टी' २००० साली आले व २००३ मध्ये सुधारले गेले. त्यातील किमान जागा, स्वच्छता व नोंदवह्या यांकडे आपण लक्ष देतो. परंतु सांडपाणी व अवशेष प्रदूषण नियंत्रण यंत्रणेच्या निर्देशांप्रमाणे प्रक्रिया करून निरुपद्रवी करावेत, अशीही त्यात तरतूद आहे. ती बहुधा दुर्लक्षित राहते.

स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविणाऱ्या व बाजारात न विकणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना या परिशिष्टातून सूट आहे. ही सूट १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यातून मिळालेली सूट नव्हे. तो कायदा उत्पादन कोणते हे पाहत नाही. बाहेर काय सोडले जाते हे पाहतो. त्याच्या कलम २५ अन्वये उद्योग उभारण्यापूर्वी व चालविण्यासाठी राज्य मंडळाची संमती लागते. धूर व वाफेसाठी १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्याचे कलम २१ लागू होते. कलम ३३ 'अ' अन्वये मंडळ उद्योग बंद करण्याचा, वीज व पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकते. ज्या उद्योगांना संमती लागते त्यांची सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा कार्यरत असेल तरच ते चालू द्यावेत, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला आहे.

उद्योगांची रंगांनुसार वर्गवारी केलेली असून ती वेळोवेळी सुधारली जाते. बाष्पक बसविला किंवा नवा विभाग काढला की आपला वर्ग बदलू शकतो. म्हणून प्रत्येक विस्तारापूर्वी ही बाब तपासावी.

सल्लागाराचे काम कोणते?

पर्यावरण सल्लागार म्हणजे कागदपत्रे भरून देणारा मध्यस्थ, अशी अनेकांची समजूत आहे. आम्ही प्रथम सल्लागार बोलाविला तेव्हा त्यांनी अर्जाचा विषयच काढला नाही. दररोज किती पाणी आत येते व किती बाहेर जाते, असे विचारले. आम्हास उत्तर देता आले नाही. चांगला सल्लागार पाण्याचा असा जमाखर्च मांडतो, प्रत्येक विभागाच्या सांडपाण्याचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून घेतो, त्यानुसार प्रक्रिया यंत्रणा सुचवितो आणि नंतरच संमतीचा अर्ज तयार करतो. निदानापूर्वी चिकित्सा नाही, हे तत्त्व येथेही लागू आहे. जागा न पाहता संमतीपत्राची हमी देणारा सल्लागार, नाडी न पाहता औषध देणाऱ्या वैद्यासारखा समजावा.

तथापि काही गोष्टी सल्लागाराविनाही आजच करता येतात :

१. पात्रे धुण्यापूर्वी कोरडी खरवडून पुसून घ्यावीत. गूळ, मध, तूप व चाटण मोरीत जाता कामा नये.

२. काढ्याचा चोथा वेगळा साठवून त्याचे खत करावे. रसशाळेचा कोणताही अवशेष त्यात मिसळू नये.

३. रसविभागाची मोरी स्वतंत्र ठेवावी. पहिले धुवण टाकीत साठवून निवळू द्यावे. तपासणीत घातक ठरणारा गाळ अधिकृत केंद्राकडेच पाठवावा. असे सामाईक केंद्र पुणे जिल्ह्यात रांजणगाव येथे आहे.

४. पाण्यासाठी मीटर बसवून रोजची नोंद ठेवावी.

५. संमतीपत्राची मुदत व त्यातील अटी कार्यालयात दर्शनी लावाव्यात. संमती लागणाऱ्या उद्योगांनी वार्षिक पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत सादर करावयाचे असते, हेही ध्यानी ठेवावे.

या सर्वांस खर्च येतो व लहान औषधशाळेस तो जड वाटतो, याची आम्हास जाणीव आहे. एकाच औद्योगिक वसाहतीतील निर्मात्यांनी मिळून एकच सल्लागार नेमल्यास व तपासण्या एकत्रित करून घेतल्यास तो भार हलका होईल. सहकाराची परंपरा असलेल्या या जिल्ह्यास हे अशक्य नसावे. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी होय, असे आपण रुग्णांस नित्य सांगतो. आपल्या औषधशाळेतून बाहेर पडणाऱ्या पाण्यास तोच नियम लावावा, ही सर्व वैद्यबंधुभगिनींस व औषधनिर्मात्यांस नम्र विनंती.