सोन्याचा पापुद्रा

सभामंडपात माइक चालू आहे की नाही हे बघायची आपली रीत ठरलेली आहे: बोटाने दोन टिचक्या, एक दणदणीत फुंकर, आणि मग ‘हॅलो, माइक टेस्टिंग’. तिथला डायनॅमिक माइक हे सगळं निमूटपणे सोसतो. हातातून पडला तरी बहुधा पुन्हा बोलायला लागतो. स्टुडिओतल्या कंडेन्सर माइकवर मात्र कुणी अशी फुंकर मारली, तर काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टचा चेहरा बघावा.

त्याचं कारण जाळीच्या आत आहे. मोठ्या कंडेन्सर माइकमध्ये साधारण एक इंच व्यासाचा प्लास्टिकचा पडदा ताणून बसवलेला असतो. जाडी पाच-सहा मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि त्यावर सोन्याचा जेमतेम थर. पडद्यामागे, मध्ये केसही मावणार नाही इतक्या जवळ, धातूची चकती. दोघांमध्ये विद्युतभार साठवलेला. गाणाऱ्याच्या आवाजाने पडदा थरथरला की दोघांतलं अंतर बदलतं, धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, बदलते आणि त्या बदलातून आवाजाचा विजेरी ठसा उमटतो. डायनॅमिक माइकच्या पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं, त्यामुळे आवाजाला ते ओझंही हलवावं लागतं. इथे ओझंच नाही. जवारीदार तारेची झिळमिळ, तानेआधी घेतलेला श्वास, पेटीच्या भात्याची फुसफुस, सगळं या पडद्याला लागतं. हवं ते आणि नको ते, दोन्ही.

हा विजेरी ठसा इतका दुबळा असतो की लांब केबलमधून पलीकडे पोचणार नाही. म्हणून माइकच्या पोटातच त्याला बळ देणारं छोटं सर्किट असतं. पूर्वी त्यात व्हॅक्यूम ट्यूब असे, नंतर ट्रान्झिस्टर आला. त्याला लागणारी ४८ व्होल्टची वीज आवाजाच्याच केबलमधून उलट्या दिशेने जाते. वेगळी तार दिसत नाही म्हणून ती ‘फँटम’. हा ४८ चा आकडाही मोठा गमतीचा. १९६६ साली नॉर्वेच्या नभोवाणीला ट्रान्झिस्टरचे नवे माइक हवे होते. तिकडच्या अंधाऱ्या हिवाळ्यामुळे स्टुडिओत आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीपासूनच होती. बर्लिनच्या नॉयमन कंपनीने आपला ‘के एम ८४’ त्याच विजेवर चालवून दाखवला आणि तोच आकडा जगभर रूढ झाला. आज दादरच्या दुकानातून आणलेल्या ऑडिओ इंटरफेसवरही ‘४८ व्ही’ असं बटण असतं.

कंडेन्सरचा जन्म मात्र गाण्यासाठी झालेला नाही. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ई. सी. वेंटे यांनी १९१६ च्या सुमारास तो टेलिफोनच्या संशोधनासाठी, आवाज नेमका मोजता यावा म्हणून बनवला. तोवर गाणं मुद्रित व्हायचं ते भोंग्यातून. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान भोंग्यात तोंड घालून गायल्या आणि शेवटी स्वतःचं नाव मोठ्याने सांगून थांबल्या, ते याच पद्धतीने. भोंगा साधारण अडीच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही पकडत नसे. खड्या आवाजाचं त्याच्यापुढे निभायचं, तंबोऱ्याचं नाही. १९२५ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकची विजेवरची मुद्रणपद्धत रेकॉर्ड कंपन्यांनी उचलली, तिच्या तोंडाशी वेंटेंचा कंडेन्सर होता. मिरजेला स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या तबकड्या आणि त्यांच्या अखेरच्या वर्षांतल्या, १९३० च्या दशकातल्या तबकड्या लागोपाठ ऐकाव्यात. गायकी बदलली असेलच, पण नंतरच्या तबकड्यांत आवाज जो असा हलका सोडलेला ऐकू येतो, त्याचं थोडं श्रेय विजेला द्यायला हवं. भोंग्यापुढे आवाज हलका सोडून चालत नसे.

गेओर्ग नॉयमन यांनी १९२८ मध्ये बर्लिनला कंपनी काढली आणि बाटलीसारखा दिसणारा कंडेन्सर बाजारात आणला. १९४९ चा ‘यू ४७’ पुढे सिनात्रा आणि बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांमुळे दंतकथा झाला. त्यातली ट्यूब बनणं बंद झाल्यावर १९६० मध्ये ‘यू ६७’ आला, मग १९६७ मध्ये ट्रान्झिस्टरचा ‘यू ८७’. हा शेवटचा आजही बनतो, आणि गाण्याच्या स्टुडिओचा फोटो डोळ्यांपुढे आणला की त्यात तोच असतो: निमुळता, राखाडी, कोळ्याच्या जाळ्यासारख्या चौकटीत रबरी दोऱ्यांवर टांगलेला. त्याच्यात टोकाकडून नव्हे, बाजूने गातात. नवखी मंडळी आइस्क्रीमच्या कोनासारखं त्याच्या टोकाकडे तोंड करून गातात, आणि मग आवाज दबका का येतो म्हणून केबल बदलत बसतात. कंपनीचा शिक्का ज्या बाजूला, ती समोरची बाजू.

‘यू ८७’ वर एक छोटा खटका असतो. त्याने माइकने कुठलं ऐकावं ते ठरतं: चहूबाजूंचं, फक्त समोरचं, की पुढचं आणि मागचं. हा तिसरा, इंग्रजी आठासारखा ऐकण्याचा आकार आपल्याकडे फारसा कुणी वापरत नाही, याचं मला नवल वाटतं. ख्यालाची बैठक डोळ्यांसमोर आणा. मध्ये गाणारा, एकीकडे तबला, दुसरीकडे पेटी. तिघांना एकत्रच मुद्रित करायचं आहे, कारण वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ख्याल होत नाही. गाणाऱ्यापुढचा माइक आठाच्या आकारावर ठेवला तर त्याच्या दोन्ही कुशी बहिऱ्या होतात, आणि तबला-पेटी नीट बसवली तर बरोबर त्या बहिऱ्या कुशींत येतात. माइकची पाठ मात्र उघडी राहते, त्यामुळे मागच्या भिंतीची व्यवस्था लावावी लागते. तेवढं केलं की तबल्याचं लीकेज, म्हणजे गाण्याच्या माइकमध्ये शिरणारा तबला, निम्म्याहून कमी झाल्यासारखं वाटतं, तेही मधे काच न घालता.

खरी कसोटी तंबोऱ्याची. मिरजेच्या सतारमेकरांच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तसा एखादा तंबोरा समोर असेल तर आधी माइक बाजूला ठेवून कानानेच त्याच्याभोवती फिरावं. दांडीजवळ बोटाचा खरखरीत स्पर्श ऐकू येतो, भोपळ्यापाशी नुसता घुमारा, आणि घोडीसमोर जवारीचा तो मधमाश्यांसारखा गुंजारव. लगेच घोडीला माइक भिडवावासा वाटतो. पण अर्ध्या फुटावरून पंचम, जोड आणि खर्ज सुटेसुटे ऐकू येतात, चार तारा छेडल्याचे चार आवाज. दीड-दोन फूट मागे सरकलं की एका तारेची आस दुसरीत मिसळते आणि त्यातून कुणीही न छेडलेला गंधार वर तरंगायला लागतो. तो गंधार मुद्रित झाला म्हणजे जागा सापडली. हाताशी चांगला कंडेन्सर असताना मोबाइलच्या ॲपमधला तंबोरा केबलने सरळ आत घेणारे स्टुडिओ पाहिले की हा माइक विकत तरी कशाला घेतला, असं वाटतं.

गळ्यासाठी अंतराचा हिशेब वेगळा. फक्त समोरचं ऐकणारा माइक जितका जवळ तितका खर्ज फुगतो, आवाज उबदार होतो. भावगीताला हे मानवतं. सहा-आठ इंचांवरून कुजबुजही स्पष्ट येते. ख्याल गाणारे मात्र मान हलवतात, हात उचलतात, तार षड्जाला मागे झुकतात. त्यांना फूट-दीड फूट द्यावा. मराठी गळ्याच्या वाटेत आणखी एक अडचण असते. अभंगात ‘पांडुरंग’ आला, ‘भक्त’ आला, की ओठांवरून सुटलेला हवेचा झोत सहा मायक्रॉनच्या पडद्यावर आदळतो आणि मॉनिटरमध्ये धप्प ऐकू येतं. जाळीदार पॉप फिल्टर हा त्याला एक उपाय. माइक ओठांच्या रेषेतून जरा वर, कपाळाच्या उंचीवर ठेवून खाली झुकवणं हा दुसरा आणि जास्त चांगला. ‘स’ आणि ‘चाफा’तला दंत्य ‘च’ यांची करवत त्यानेच बोथट होते. माइकपासूनचं अंतर हाही गाण्याचाच भाग असतो. ‘महल’ मधल्या ‘आएगा आनेवाला’ च्या वेळी लताबाई दुरून चालत माइककडे आल्या, कारण आवाज लांबून जवळ येताना ऐकू यायला हवा होता. ते साल १९४९.

पेटी वरून, दीड फुटावरून घ्यावी, नाहीतर सुरांपेक्षा पट्ट्यांची खटखट जास्त. बासरीला फुंकेच्या भोकासमोर कधीही नाही.

आता घराकडे. चार-पाच हजारांत कंडेन्सर मिळायला लागल्यापासून ठाण्या-पुण्याच्या फ्लॅटमध्ये स्टुडिओ उघडले आहेत आणि तिथले माइक त्या फ्लॅटचाही आवाज इमानेइतबारे मुद्रित करतात: फरशी, काँक्रीटच्या भिंती, पंखा, खालच्या मजल्यावरचा कुकर. पन्नास हजारांचा माइक आणून हे सुटत नाही. चार जाड गोधड्या आणि कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट यांनी पुष्कळ सुटतं.

उरला पावसाळा. भरलेल्या विद्युतभाराला ओलावा चालत नाही. मुंबईच्या जुलैत पडद्यावर दमट थर बसला की भार झिरपतो आणि माइक चरचरायला, फटफटायला लागतो. गाणाऱ्याच्या तोंडची वाफ त्यात भर घालते, हे पॉप फिल्टर लावण्याचं दुसरं कारण. काम संपलं की माइक सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात बंद करावा. एसीत गार झालेला माइक तसाच बाहेरच्या दमट हवेत उघडू नये; डबा बंद ठेवून त्याला खोलीची ऊब घेऊ द्यावी. चरचर सुरू झालीच तर आधी एक दिवस कोरड्या डब्यात ठेवून बघावं. तरी थांबली नाही तर पडदा साफ करणाऱ्या जाणकाराकडे न्यावा; कापसाचा बोळा घेऊन स्वतः बसू नये.