आपटून परत हातात येणारे मुद्गल

सागरगोटे उडवून झेलायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. सर्कशीत तसेच मुद्गलाच्या आकाराचे दांडे झेलतात. काही दांडे तर जमिनीवर आपटून परत हातात यावेत असेच बनवलेले असतात.

लाकूड आपटलं की जेमतेम उसळतं. रबर दबतं, लगेच पूर्वीसारखं होतं आणि वर ढकलतं. गोल चेंडू कसाही पडला तरी चालतो. दांडा मात्र सरळ टोकावरच पडावा लागतो, तिरका पडला की भिरकावतो. सारवलेलं अंगण उसळी गिळतं, सिमेंटचा ओटा ती परत देतो.

१८८० मध्ये विष्णुपंत छत्र्यांनी सर्कस उभी केली, तेव्हा त्यांच्या पत्नीही कसरती करत. आपल्या जामसरच्या मुलींचे सागरगोटे मात्र डोक्यावर हंडा आला की सुटतात. गटात आम्ही ठरवलंय, पाणी भरायला मुलगेही जातील. तुम्हीही ठरवा.