यकृताच्या नाक्यावर

दारूने लिव्हर जळते, हा आपल्याकडे सुशिक्षितांपासून निरक्षरांपर्यंत सर्वांनी एकमुखाने मान्य केलेला सिद्धांत आहे. आणि तो सर्वस्वी खोटा नसला तरी त्यात सत्य अर्धेच आहे, असे मी कित्येक वर्षे भेटेल त्याला सांगत आलो आहे. मद्य विषारी आहेच. परंतु यकृताचा जो विध्वंस होतो, त्यात फार मोठा हात आपल्याच शरीराच्या रक्षक-पेशींचा असतो, या गोष्टीने मला एकदा जे वेड लावले ते आजतागायत उतरलेले नाही.

पार्श्वभूमी चटकन उरकतो. यकृतात मद्याचे प्रथम अ‍ॅसिटाल्डिहाइड होते आणि मग अ‍ॅसिटेट. यांतला पहिला पदार्थ भलताच उपद्रवी. वर्षानुवर्षे अतिमद्यपान करणाऱ्या बहुतेकांच्या यकृतात चरबी साठते, काहींना दाह होतो, आणि साधारण १० ते २० टक्क्यांच्या वाट्याला सिऱ्होसिस, म्हणजे यकृत तंतुमय होऊन कठीण पडण्याचा विकार, येतो. सर्वांनाच का नाही, याला अनुवंश, आहार, स्त्री-पुरुषभेद अशी कारणे आहेत. ती वैद्यांकडे सोपवून मी माझ्या आवडत्या पेशींकडे वळतो.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल व्हेनने येते आणि त्यातून अन्नरसाबरोबर जंतूंचे अवशेषही येतात. तेव्हा यकृताच्या सूक्ष्म रक्तमार्गांत ठाण मांडून बसलेल्या कुप्फर पेशी म्हणजे जुन्या संस्थानी अमलातील जकातनाक्यावरचे शिपाईच: आलेला माल तपासणारे, संशयित जिन्नस जागच्या जागी जप्त करणारे, आणि एरवी विनाकारण बोभाटा न करणारे.

आता खुद्द कुप्फरसाहेबांविषयी. येथे वाचकांनी मला घाई करू नये. १८२९ साली बाल्टिक समुद्राकाठच्या कुर्लंड प्रांतात जन्मलेला हा शरीररचनाशास्त्रज्ञ १८७६ मध्ये यकृतातील मज्जातंतूंचा माग काढीत होता. त्यासाठी गोल्ड क्लोराइडने, म्हणजे सोन्याच्या क्षाराने, रंगविलेल्या छेदांत मज्जातंतूंऐवजी फाटे फुटलेल्या काळ्या पेशी त्याला दिसल्या, आणि त्यांना त्याने तारका-पेशी असे नाव दिले. (पुढे १८८० साली कोनिग्जबर्ग येथे तत्त्वज्ञ कांटचे अवशेष उकरून काढण्यात आले, तेव्हा त्या थोर कवटीचा अभ्यास करणाऱ्यांतही हाच गृहस्थ होता. प्रस्तुत विषयाशी याचा काडीमात्र संबंध नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.) १८९८ च्या सुमारास क्राकोवच्या ब्रोविच याने रक्तमार्गातील भक्षक-पेशींचे वर्णन केले, कुप्फरने आपल्या तारका त्याच असल्याचा समज करून घेतला, आणि पुढच्या पिढ्यांनी त्या पेशी त्याच्याच नावावर चढविल्या. १९७१ साली जपानच्या केन्जिरो वाके याने तीच सुवर्णपद्धत पुन्हा हाती घेऊन दाखविले की, सोने जिच्यावर बसते ती पेशी अगदी निराळी, रक्तमार्गाच्या भिंतीबाहेर राहून अ-जीवनसत्त्व साठविणारी आहे! दैवयोग असा की, दोघी एकाच व्याधीत भागीदार आहेत. कुप्फर पेशी दाह पेटवितात, आणि त्यांच्या इशाऱ्याने तारका-पेशी आपला जीवनसत्त्वाचा साठा गमावून यकृतभर तंतू निर्माण करू लागतात.

हा दाह पेटतो कसा? अतिमद्यपानाने आतड्याचे अस्तर सैल पडते, जंतूंच्या कवचातील एन्डोटॉक्सिन हे विष नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात यकृताकडे येते, आणि कुप्फर पेशी टीएनएफसारखी दाहक द्रव्ये सोडून रक्तातल्या न्यूट्रोफिल नामक श्वेतपेशींना पाचारण करतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात रोनाल्ड थर्मन यांच्या गटाने १९९४ साली मद्य पाजलेल्या उंदरांतील कुप्फर पेशी एका रसायनाने निकामी केल्या, तेव्हा यकृताची आरंभीची हानी टळली. आणि पुढच्याच वर्षी त्या पेशींना हात न लावता केवळ आतड्यांतले जंतू प्रतिजैविकांनी कमी केले, तरीही तेच घडले. एवढे साधे आणि एवढे निर्णायक प्रयोग मला क्वचितच वाचायला मिळाले आहेत.

मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयात, विकृतिशास्त्र शिकविणाऱ्या एका स्नेही बाईंनी मला मद्याने दाह झालेल्या यकृताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली दाखविली होती. फुगून फिकट झालेली एक यकृतपेशी; तिच्यात फ्रँक मॅलरी यांनी १९११ साली वर्णिलेला वेडावाकडा गुलाबी पुंजका; आणि तिच्याभोवती कडे करून उभ्या राहिलेल्या, खंडित केंद्रकांच्या न्यूट्रोफिल पेशी. "मारेकरी कोण ते ओळखा," असे बाई म्हणाल्या, आणि मी बराच वेळ नेत्रिकेवरून डोळा काढला नाही.

मग शिपायांचीच हत्यारे काढून घ्यावीत, असे कोणाच्याही मनात येईल. फ्रान्समध्ये मद्यजन्य यकृतदाहाच्या रुग्णांवर तसे करून पाहिले गेले; टीएनएफला अटकाव करणारे इन्फ्लिक्सिमॅब स्टेरॉइडच्या जोडीला देऊन केलेली चाचणी जंतुसंसर्ग आणि मृत्यू वाढल्यामुळे थांबवावी लागली, आणि तिचा वृत्तांत २००४ साली प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधील अकराशेंवर रुग्णांच्या चाचणीतही, २०१५ च्या अहवालानुसार, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा लाभ निर्विवाद ठरला नाही, गंभीर जंतुसंसर्ग मात्र वाढले. कारण या रोग्यांच्या रक्षक-पेशी एकाच वेळी अतिक्षुब्धही असतात आणि दुर्बळही. घरात नासधूस करण्याइतके बळ त्यांच्यात असते, परंतु खऱ्या जंतूला मारण्याची वेळ आली की त्या कमी पडतात.

म्हणूनच दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हर अँड बिलिअरी सायन्सेसमध्ये निरोगी माणसाच्या विष्ठेतील जंतू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा जो लहानसा प्रयोग झाला, आणि ज्याचे आशादायक निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले, त्याचे नाव ऐकून नाक मुरडू नये. त्याने दुरुस्तीला हात घातला तो शिपायाच्या नव्हे, नाक्यावर येणाऱ्या मालाच्या. आणि माझ्या मते तर्काची योग्य दिशा हीच होय.

या दिशेने सरळ चालत गेले की जो उपाय हाती लागतो, तो दुर्दैवाने औषधाच्या दुकानात मिळत नाही. मद्य पूर्ण थांबविले तर साधी चरबी काही आठवड्यांत उतरते, आणि दाह झालेल्यांच्याही जगण्याची आशा पुढे त्यावरच सर्वाधिक अवलंबून असते. तेव्हा रात्रीच्या पेल्यानंतर सकाळी 'लिव्हर टॉनिक'चे दोन चमचे घेऊन हिशेब चुकता झाला असे समजणाऱ्या माझ्या काही परमस्नेह्यांना माझे स्पष्ट सांगणे आहे की, बाटल्या त्यांनी खुशाल दोन बाळगाव्यात, मात्र दोन्ही रिकाम्या असाव्यात.