सळईऐवजी सेन्सर

गुडघ्याचा सांधा बदलताना मांडीचं आणि नडगीचं हाड नेमक्या कोनात कापणं, हा मोठा नाजूक भाग. खुबा, गुडघा आणि घोटा यांचे मध्य एका रेषेत यावेत, फरक पडलाच तर तो ३ अंशांच्या आत राहावा, अशी रूढ अपेक्षा असते. नेहमीच्या पद्धतीत मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब सळई घालून कोन ठरवतात. हाड वाकलेलं असेल किंवा जुन्या फ्रॅक्चरची प्लेट आत असेल, तर तिथे पंचाईत होते.

अमेरिकेतल्या ऑर्थअलाइन कंपनीचं ‘नीअलाइन’सारखं उपकरण ही सळई टाळतं. मोबाइल आडवा धरला की स्क्रीन फिरवणारा ॲक्सेलरोमीटर आणि त्याच्या जोडीचा जायरोस्कोप इथे हाडाशी जोडलेल्या छोट्या डबीत असतात. पहिला गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून कल सांगतो, दुसरा फिरण्याचा वेग. खुब्याचा मध्य तर शस्त्रक्रियेत उघडा पडतच नाही. म्हणून सर्जन मांडी खुब्यातून हलवतात आणि त्या हालचालींवरून यंत्र तो बिंदू शोधतं. सगळ्यात देखणी युक्ती हीच. मग पडद्यावरचे अंश पाहून कापण्याचा साचा जुळवायचा. काम झालं की सेन्सर काढून घेतात. तो शरीरात राहत नाही.

कोन अधिक अचूक येतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. चालणं आणि वेदना यांत मात्र ठळक फरक सिद्ध झालेला नाही. अस्थिबंधांचा ताण जुळवणं तर ही डबी करतच नाही. तेव्हा यंत्राचं नाव विचारण्याआधी सर्जनचा अनुभव विचारा.