भावंडांचा अबोला आणि कान्हेरीची वाट

या पानावर आम्ही साखर, रक्तदाब, टीबी यांबद्दल लिहितो. या वेळी अबोल्याबद्दल लिहीत आहोत, कारण तोही अंगावर निघतो. झोप लागत नाही, जेवण गोड लागत नाही, आणि "गोळी घेतलीस का?" असं विचारणारं हक्काचं एक माणूस कमी होतं.

आपल्या घरांत भावंडं कशावरून तुटतात, हे वेगळं सांगायला नको. खोली कुणाच्या नावावर, पुनर्वसनात मिळणारं घर कुणाचं, आईच्या दवाखान्याला कुणी किती घातले, लग्नात कुणाच्या बायकोला विचारलं नाही. मग एक कळव्याला, एक मालाडला. भेट होते ती मयताला, नाहीतर १४ एप्रिलच्या गर्दीत. तिथंही "जय भीम" म्हणून दोघं पुढं सरकतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ साली जो अहवाल दिला, त्यात जगातल्या दर सहा माणसांत एकाला एकटेपणा छळतो असं म्हटलं आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास १९३८ पासून चालू आहे. ज्यांची नाती धड राहिली, ती माणसं म्हातारपणी तब्येतीनंही बरी राहिली, असं त्यात दिसलं. आणि भावंडाचं नातं सगळ्यांत लांब पल्ल्याचं. आईबाप आधी जातात, नवरा-बायको उशिरा भेटतात, पण लहानपणीची उपासमार ज्यानं सोबत काढली ते भावंडच.

मग बोलायचं कुठं? दहा बाय दहाच्या खोलीत समोरासमोर बसलं की पंचायत भरल्यासारखं होतं. मधे वहिनी, भाऊजी, पोरं; भिंतीपलीकडे शेजारी. चालताना तसं होत नाही. दोघं एकाच दिशेला बघतात, त्यामुळं डोळे चुकवावे लागत नाहीत. गप्प राहिलं तरी कुणाला अवघडल्यासारखं वाटत नाही. चढावर धाप लागली की रागाचं वाक्यही अर्ध्यावर सुटतं. मोठं बोलणं निघण्याआधी "हे झाड कसलं रे?" एवढं तरी निघतंच.

मुंबईकरांना यासाठी कान्हेरीसारखी जागा नाही. बोरिवली स्टेशनला पूर्वेला उतरायचं, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून आत शिरायचं. तिथून लेणी साधारण सहा किलोमीटर; डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना जंगल, शेवटी चढ. शंभराहून जास्त लेणी एकाच डोंगरात. बऱ्याच विहारांजवळ पावसाचं पाणी साठवायला खोदलेली टाकी आहेत आणि बाहेर दगडी बाकही. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या व्हरांड्यात वीस फुटांहून उंच उभ्या बुद्धमूर्ती आहेत. तिथल्याच सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातल्या शिलालेखात गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांची नावं आहेत. चैत्यगृह त्यांनी मिळून उभं केलं. त्यांच्यात हिशेबावरून खटके उडाले की नाही, ते मात्र दगडावर कोरलेलं नाही!

आता तब्येतीचं. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम वेगाचं चालणं मोठ्या माणसांना सांगितलेलं आहे. चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम वेग. म्हणजे बोलत जाणं हेच इथं मोजमाप. वेग हळू चालणाऱ्याचा धरावा; पुढं जाऊन वाट बघत उभं राहणं हा जुना मोठेपणा त्या दिवशी घरी ठेवावा. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो, म्हणून दुखरे गुडघे असतील तर एक बाजू गाडीनं करावी. सोय फाटकावर विचारावी. रक्तदाबाची गोळी चुकवू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी निघू नये. घाम, थरथर, चक्कर आली तर लगेच साखर किंवा ग्लुकोज खायचं, म्हणून ते खिशातच असू द्यावं. छातीत दाब आला, दुखणं हातात किंवा जबड्यात उतरलं, तर गॅस समजून पुढं चालू नये; थांबावं आणि दवाखाना गाठावा.

माणशी दोन लिटर पाणी घ्यावं. पिशवी हातात लटकवू नये, माकडं ओढतात. उद्यानात बिबटे आहेत; रस्ता सोडू नये, अंधाराआधी बाहेर पडावं. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा चप्पल नको, बूट हवेत. मधमाशांच्या पोळ्याजवळ धूर करू नये.

बोलावणं साधं असावं. "ताई, रविवारी कान्हेरीला जायचंय, येतेस का? डबा मी आणतो." एवढंच. "आपल्याला बोलायचंय" म्हटलं की समोरचा वकिलाच्या तयारीनं येतो, किंवा येतच नाही. पहिल्या फेरीला कागदपत्रांचा विषय काढू नये आणि शक्यतो दोघांनीच जावं. नाही म्हटलं तर महिन्याभरानं पुन्हा विचारावं. मात्र जिथं मारहाण झाली आहे किंवा धमकी आहे, तिथं असं एकट्यानं जंगलात जाऊ नये. ते काम घरातल्या मोठ्यांना मधे घेऊन, माणसांत बसूनच करावं.

उद्यान सोमवारी बंद असतं. रविवारी सकाळी फाटक उघडतानाच पोचलात तर ऊन चढायच्या आत वर जाऊन डबा सोडता येतो. सुकटीची चटणी आणि भाकरी आणलीत तर बहुतेक आईचाच विषय निघेल.